तारण झाल्याची तारीख

मागच्या वर्षी पुण्यात, माझ्या ऑफिसच्या भागात भरणाऱ्या एका तरुण-संगतीच्या शिबिराचा गूगल फॉर्म मला आला. नाव, वय, मोबाइल नंबर, शाकाहारी की मांसाहारी. आणि पाचवा रकाना : 'तारण झाल्याची तारीख'. शेजारी लाल चांदणी. म्हणजे हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही. दिवस, महिना, वर्ष निवडायला छोटं कॅलेंडरही दिलेलं. मी पोटापाण्यासाठी असलेच फॉर्म बनवते. कुठला रकाना सक्तीचा ठेवायचा यावर आमच्याकडे तासतासभर मीटिंगा चालतात. हा रकाना सक्तीचा करताना कुणी मीटिंग घेतली असेल का, असा विचार करत मी बराच वेळ बसले, आणि मग टॅब तसाच उघडा ठेवून कामाला लागले.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ख्रिस्ती घरात जन्मलात, बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, नाताळला नवे कपडे घातले, एवढ्यानं तुम्ही ख्रिस्ती ठरत नाही, असं बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या मानतात. कधीतरी तुम्हाला आपलं पाप कळलं पाहिजे, तुम्ही ख्रिस्ताला शरण गेलं पाहिजे, आणि तो क्षण तुम्हाला सांगता आला पाहिजे. तो सांगणं म्हणजे 'साक्ष' देणं. ज्यांना असं काही सांगता येत नाही त्यांच्यासाठी एक शब्द आहे, 'नामधारी ख्रिस्ती'. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि दर वेळी तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलला जातोय असं मला वाटायचं.

आमचं घर छावणीत. शहरातून लोखंडी पूल ओलांडून आलं की सुरू होते ती छावणी. गुरुवारच्या बाजारामुळे त्या दिवशी पाहुणा येणार म्हटलं की आई आधी वैतागते, मग भाजी स्वस्त मिळाली म्हणून खूश होते. वस्तीच फौजेसाठी वसलेली. ब्रिटिश फौजेत रविवारची 'चर्च परेड' हुकमाची असायची : बूट चमकवायचे, रांगेत उभं राहायचं आणि देवाच्या घराकडे कूच करायची. ही सक्ती उठली १९४६ साली. छावण्यांमधल्या चर्चांत तोवर हुकमानं बसलेली किती माणसं असतील! त्यातल्या एखाद्याला, हुकमानं बसलेला असतानाच, खरोखर काही भेटलंही असेल. कोण सांगणार?

त्या शनिवार-रविवारी घरी गेले होते. आजी पलंगावर 'उपासना संगीत' मांडीवर घेऊन बसली होती. तिला आता अक्षरं दिसत नाहीत, पण पुस्तक लागतं. मी विचारलं, "आजी, तुझं तारण कधी झालं गं?"

"कशातून?" आजी म्हणाली.

मला पटकन उत्तर सुचेना. तीच पुढे म्हणाली, "सात वर्षांची असताना विहिरीतून काढलं होतं मला. ते धरायचं का?"

आजी वैजापूर तालुक्यातली. मुकादमाच्या आवाजात बोलते, त्यामुळे ती थट्टा करतेय की खरंच विचारतेय ते कळत नाही. मी हसले, पण रात्री झोप येईना. मग फोनवर जे वाचायला घेतलं त्यावरच हा लेख आहे : पंडिता रमाबाईंची साक्ष. १९०७ साली 'अ टेस्टिमनी' या नावानं ती इंग्रजीत निघाली. मराठीत 'माझी साक्ष' म्हणून मिळते. लहानशी पुस्तिका आहे, एका बैठकीत संपते. रमाबाईंचं नाव आपण शाळेत ऐकतो ते शारदा सदन आणि स्त्रीशिक्षण या दोन शब्दांना जोडून. त्यांच्या धर्मांतराबद्दल पाठ्यपुस्तकं घाईनं एक वाक्य उरकतात. ख्रिस्ती घरांत उलट होतं : तिथं धर्मांतरच मोठं, बाकी सगळं त्याच्या मागोमाग. दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते. रमाबाईंच्या साक्षीत बाप्तिस्मा हा कळस नाहीच. तिथं त्या थांबतात आणि म्हणतात की इथवर आले, तरी मला हवं होतं ते मिळालं नव्हतं.

प्रवास आधी पाहू. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मुलीला संस्कृत शिकवणारे. आई, वडील, बहीण दुष्काळात एकामागून एक गेले. भावाबरोबर पायी देशभर फिरत, पुराणं सांगत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या, तिथं 'पंडिता' आणि 'सरस्वती' झाल्या. बंगालमध्ये बिपिनबिहारी दासांशी लग्न, पोटी मनोरमा, आणि १८८२ साली वैधव्य. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. पुढे पुण्यात आर्य महिला समाज, आणि १८८३ साली इंग्लंड. तिथं वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यामागची दोन कारणं साक्षीत ठळक येतात. पहिलं लंडनच्या फुलममधलं. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी सिस्टर्सनी तिथं घर चालवलं होतं. त्या बायका सावरताना पाहून रमाबाई चकित झाल्या. असं करावंसं या सिस्टर्सना का वाटतं, हे त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. दुसरं कारण नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्यांचं लिखाण. गोरे काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री, पुढे ख्रिस्ती झालेले. शास्त्र्यानं शास्त्रीणबाईंना पटेल अशा भाषेत लिहिणारे. म्हणजे एकीकडे डोळ्यांनी पाहिलेलं काम, दुसरीकडे बुद्धीला पटलेला युक्तिवाद. धर्म निवडायला याहून चांगली कारणं मला तरी सुचत नाहीत.

आणि तरी आठ वर्षांनी, १८९१च्या सुमाराला, रमाबाईंना कळतं की आपण स्वीकारला तो ख्रिस्ती धर्म. ज्याच्यामुळे तो धर्म आहे त्याच्याशी आपली गाठ पडलेलीच नाही. हे त्यांना कळतं एका पुस्तकामुळे. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन. हॅस्लमची गोष्ट मजेशीर आहे. कॉर्नवॉलमध्ये वर्षानुवर्षं पाळक म्हणून काम करणारा हा माणूस १८५१ साली एका रविवारी उपदेश देता देता स्वतःच्याच उपदेशानं पालटला. समोरच्या लोकांच्या ते ध्यानात आलं, आणि आमचा पाळकच पालटला म्हणून चर्चमध्ये एकच गलका झाला. व्यासपीठावर उभा असलेला माणूसच आतापर्यंत नामधारी होता!

ही गोष्ट वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या यात नवल नाही. त्याही एका अर्थी व्यासपीठावरच होत्या. पुराणं सांगणारीची मुलगी, पुराणं सांगणारी, मग व्याख्यानं देणारी. शब्द पोटात जाण्याआधीच ओठावर येण्याचा धोका त्यांना ठाऊक होता. साक्षीचं मोठेपण मला इथं दिसतं. नामधारी श्रद्धा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो ढोंगी माणूस, नाहीतर लोभी माणूस, नाहीतर वर्षातून दोनदा चर्चला येणारा आळशी माणूस. रमाबाई यांतल्या कुणीच नव्हत्या. बाप्तिस्म्यापायी त्यांनी स्वतःचं नाव पणाला लावलं होतं. ज्या पुण्यानं डोक्यावर घेतलं त्याच पुण्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. एवढी किंमत मोजलेल्या श्रद्धेला वरवरची म्हणायची आपली हिंमत होणार नाही. त्यांची झाली, कारण ती श्रद्धा त्यांची स्वतःची होती.

मराठीत 'विश्वास' हा शब्द दोन कामं करतो. 'पाऊस पडेल असा माझा विश्वास आहे' आणि 'माझा तुझ्यावर विश्वास आहे'. पहिल्यात नुसतं मानणं आहे. दुसऱ्यासाठी आपल्याकडे एक जुना नेमका शब्द आहे, भिस्त. प्रोटेस्टंट शिकवणीत तारण देणाऱ्या विश्वासाचे तीन पदर सांगतात : माहीत असणं, मान्य असणं, आणि भिस्त टाकणं. पहिले दोन असून तिसरा नसेल तर याकोबाच्या पत्रात त्याची चांगलीच टर उडवलेली आहे. देव एक आहे हे तर भुतंही मानतात, आणि थरथरतात, असा त्यातला आशय. रमाबाईंचं म्हणणं या भाषेत सांगायचं तर असं : मला सगळं माहीत होतं, सगळं मान्य होतं, माझी भिस्त मात्र अजून माझ्यावरच होती. आपण चांगलं वागलो, बाप्तिस्मा घेतला, म्हणजे झालं, अशा समजुतीत आपण होतो, हे त्या कबूल करतात. विद्वान माणसाला हे जड जाणारच. ज्याला प्रत्येक गोष्ट पडताळून मग पटते, त्याच्या हातात पडताळणीच उरते.

मी इंजिनीअर आहे. मला हे वाक्य माझ्याबद्दल लिहिल्यासारखं लागलं, म्हणून त्याच्यावर जास्त बोलत नाही.

साक्षीतला आणखी एक भाग मला फार आवडतो. इंग्लंडात आणि परत आल्यावर ख्रिस्ती लोकांचे इतके पंथ पाहून रमाबाई चक्रावल्या होत्या. प्रत्येकाची शिकवण निराळी, प्रत्येकाला वाटायचं पंडिताबाईंनी आमच्याकडेच यावं. एका धर्मातल्या जातींच्या कचाट्यातून सुटलेली बाई दुसऱ्या धर्मातल्या जाती मोजत बसली आहे, असं ते दृश्य. त्या रागावत नाहीत, पण त्यांच्या वर्णनात एक कोरडं हसू आहे. आजही आमच्या शहरात रविवारी सकाळी ख्रिस्ती लोकांच्या दुचाक्या किती वेगवेगळ्या दिशांना जातात ते पाहिलं की ते हसू आठवतं.

आता पुस्तिका बाजूला ठेवून थोडं रस्त्यावर येऊ. कारण 'खरा विश्वास की वरवरचा' हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःला विचारला, पण आपल्याकडे तो बहुतेक वेळा दुसऱ्यालाच विचारला गेलाय.

नगर आणि औरंगाबाद जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महार-मांग वस्त्यांतली घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. मागोमाग शकाच्या १८१८चे आणि १८२१-२२चे दुष्काळ आले. तेव्हापासून त्यांना एक बिरूद चिकटलं : पोटासाठी बाटलेले. हे गावानं म्हटलं, शहरातल्या शहाण्यांनी म्हटलं, आणि दबल्या आवाजात मिशनऱ्यांनीही म्हटलं. बाप्तिस्म्याच्या आधी परीक्षा घ्या, हेतू तपासा, वर्षभर थांबवा. खुद्द रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींच्या बाबतीतही हाच सवाल : पोटात अन्न घालून श्रद्धा पेरली तर ती खरी कशी? १९३६ साली डॉ. मॉट यांच्याशी बोलताना गांधीजींनी तर गाईला शुभवर्तमान सांगाल का असं विचारलं, आणि काही अस्पृश्यांची समज त्याहूनही कमी आहे अशा अर्थाचं बोलले. गांधीजींच्या तोंडी हे वाक्य वाचणं मला आजही अवघड जातं.

आंबेडकरांचं याला दिलेलं उत्तर कमी वाचलं जातं. त्यांचे ख्रिस्ती धर्मांतरांवरचे लेख त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात, १९८९ साली, ते आले. ऐहिक हेतूनं केलेलं धर्मांतर खोटं, या आक्षेपाला ते इतिहास दाखवतात : राजानं धर्म बदलला म्हणून प्रजेनं बदलला, तहात ठरलं म्हणून बदलला, अशा धर्मांतरांतून आलेल्या लोकांच्या नातवंडांना आज कुणी खोटं म्हणत नाही. मग हिशेब एवढ्यांच्याकडेच का मागायचा? त्याच लेखनात ते चर्चलाही सोडत नाहीत. ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटली नाही, आणि मिशननं त्याविरुद्ध लढा दिला नाही, ही त्यांची तक्रार. माझ्या दृष्टीनं 'वरवरची श्रद्धा' कुणाची, याचं हे फार नेमकं उत्तर आहे. भुकेनं आलेल्या बाईची ती श्रद्धा वरवरची नसेल. पण शेजारी बाकावर बसूनही तिच्या घरचं पाणी न पिणाऱ्या जुन्या ख्रिस्ती घराची मात्र नक्कीच आहे. आमच्या छावणीला लागूनच मिलिंद महाविद्यालय आहे. त्या आवारातून रोज बसस्टॉपकडे जाताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कायदा याहून पेचात टाकतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना; पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळे मराठवाड्यात कागदावर एक धर्म आणि उशाशी दुसरं पुस्तक, अशी घरं मी पाहिली आहेत. त्यांना फॉर्ममधला धर्माचा रकाना भरताना काय वाटत असेल, हे मला विचारवलं नाही. २६ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं पुद्दुचेरीच्या एका स्त्रीच्या प्रकरणात निकाल दिला. तिला नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. न्यायालयानं तिचा बाप्तिस्मा पाहिला, ती चर्चला नियमित जाते हे पाहिलं, आणि ती ख्रिस्तीच आहे असं ठरवलं. खऱ्या श्रद्धेशिवाय केवळ आरक्षणासाठी केलेलं धर्मांतर ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, असंही म्हटलं. गंमत बघा. पुण्यातल्या शिबिरवाल्यांच्या मते बाप्तिस्मा आणि दर रविवारची हजेरी एवढ्यानं माणूस ख्रिस्ती होत नाही. न्यायालयाच्या मते होतो. दोघांमध्ये सापडलेल्या माणसानं कुठं जायचं?

या सगळ्या गदारोळात रमाबाईंची साक्ष वेगळी उठून दिसते ती एकाच कारणानं. तिथं तपासणारी आणि तपासली जाणारी बाई एकच आहे. तो प्रश्न तिथं टोचतो, पण कुणाच्या तोंडचा घास काढून घेत नाही.

तरीही या पुस्तिकेशी माझं एक भांडण आहे, आणि ते लहान नाही.

साक्ष या प्रकाराचा एक साचा असतो. आधी अंधार, मग शोध, मग उजेड. उजेड जितका मोठा दाखवायचा तितका अंधार दाट करावा लागतो. आपल्याकडे वेरूळजवळच्या देवगावची संत बहिणाबाई आत्मनिवेदन लिहिते तेव्हा तीही आधीचं-नंतरचं सांगते. पण तिथं नवऱ्याचा मार, गाईचं वासरू, स्वप्नातले तुकोबा हे सगळं एकमेकांत मिसळून राहतं. आधीचं आयुष्य फुकट गेलं असं ती म्हणत नाही. रमाबाईंची साक्ष इंग्रज साच्यात बसताना १८८३ ते १८९१ ही आठ वर्षं जवळजवळ पडद्याआड ढकलते. अपुरी, अर्धवट, खऱ्या भेटीआधीची वर्षं.

कुठली वर्षं ही? अमेरिकेत जाऊन आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजर राहण्याची. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिण्याची. मराठीत अमेरिकेचं प्रवासवृत्त लिहिण्याची. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडण्याची. आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडाकडा भांडण्याची.

ही पत्रं अ. भि. शहांनी संपादित केली आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापली. साक्ष वाचणाऱ्या प्रत्येकानं ती शेजारी ठेवावीत असं मला वाटतं. जेराल्डिनना रमाबाई पत्रांत 'आजीबाई' म्हणतात, हे मला आमच्या आजीमुळे जास्तच भावलं. आणि या आजीबाईंशी नातीचा वाद कशावरून? त्रैक्य मला अधिकाराच्या जोरावर मान्य करायला लावू नका. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला न समजणारी लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र कशी? एका पुरोहितवर्गाचं जू आत्ताच मानेवरून उतरवलंय, दुसऱ्याचं चढवून घेणार नाही. चेल्टनमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशपांची हरकत आली तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत.

पत्रांतली ही बाई नामधारी आहे? माझ्या मते तिथं भिस्त आहेच, आणि ती भांडणातच दिसते. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी आपण वाद घालत नाही, निघून जातो. रमाबाई निघून गेल्या नाहीत. चर्चच्या लोकांनी दिलेलं अन्न खात, त्यांच्याच घरात राहत, त्यांना पानंच्या पानं विचारत राहिल्या. साक्ष लिहिताना, चोवीस वर्षांनी मागं वळून पाहताना, या विचारणारीला त्यांनी फारशी जागा दिली नाही. मला याचं वाईट वाटतं. आज माझ्यासारख्या पोरींना सगळ्यात जास्त गरज त्याच रमाबाईंची आहे.

रमाबाई यावर काय म्हणाल्या असत्या याचा अंदाज येतो. त्या मुक्तीकडे बोट दाखवतील. १८९१नंतरची बाई ती, जी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आली, १९००मध्ये गुजरातेतून आणखी आणल्या, केडगावला सुमारे दोन हजार बायकामुलींचं घर उभं केलं, आणि हिब्रू-ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायला बसली. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. ते बायबल छापून पुरं झालं १९२४ साली. एवढा पल्ला स्वतःच्या भिस्तीवर गाठता आला नसता, असं त्यांचं म्हणणं असेल, तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त एवढंच म्हणते की शारदा सदनही स्वस्तात उभं राहिलं नव्हतं.

तारीख नसलेली श्रद्धा कशी दिसते हे पाहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जावं लागतं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा हा कवी. त्यांच्यासाठी तारीख स्पष्ट. बायकोसाठी ती तारीख आभाळ कोसळल्याची. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई परत आल्या, पण आपलं सोवळं घेऊन. एकाच घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना नीट पाहा. त्यांच्यातला खरा पालट त्याआधीच होऊन गेलेला असतो. देवानं जाती केल्या की माणसानं, हा प्रश्न त्या स्वतःशी घोळवतात, आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून मोकळ्या होतात. विटाळ आधी गेला, पंथ मागून आला. यात कुठं गडगडाट नाही. पुस्तकभर एवढे विनोद आहेत की धर्मांतराचं प्रकरण कधी संपलं ते पटकन कळत नाही. ख्रिस्ती मराठी लेखनात बाबा पद्मनजींच्या 'अरुणोदया'पासून चालत आलेला साक्षीचा गंभीर सूर लक्ष्मीबाईंनी सहज मोडला, आणि कुणी त्यांना नामधारी म्हटलं नाही.

लक्ष्मीबाईंना तो फॉर्म दिला असता तर त्यांनी त्या रकान्यात काय लिहिलं असतं, याची कल्पना करून मी ऑफिसात एकटीच हसले होते.

पण लक्ष्मीबाईंच्या आडोशाला लपणंही माझ्यासाठी सोपं आहे, हे मला कळतं. तारीख नाही म्हणून हळूहळू सगळं होईल, असं म्हणत माझी दहा वर्षं गेली. लक्ष्मीबाईंकडे तारीख नव्हती, पण सोवळं गेलेलं होतं. माझ्याकडे काय गेलंय? या प्रश्नावर रमाबाई पुन्हा समोर येऊन बसतात आणि हलत नाहीत. त्यांच्याशी भांडता येतं, त्यांना टाळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आजीला घेऊन उपासनेला गेले. रिक्षातून उतरताना तिनं माझा दंड असा धरला की पाच बोटं उमटली. पाळकांनी त्या दिवशी मार्कातला तो बाप वाचला, आजारी पोराला घेऊन आलेला. माझा विश्वास आहे असं म्हणतो आणि त्याच श्वासात माझ्या अविश्वासाला हात द्या म्हणून रडतो. पोरगा बरा होतो. बापाला तारीख कुणी विचारत नाही.

गाणं सुरू झालं तेव्हा आजीनं पुस्तक उघडलं, उलटं. मी ते सरळ करून दिलं. तिनं माझ्याकडे न बघता पुढचं कडवं म्हणायला घेतलं.

फॉर्मची मुदत मंगळवारी संपली.